मशीनची एकादशी

काकांची नक्कल करायची असेल तर तोंड उघडायच्या आधी नाकातून श्वास सोडायचा. मोठा नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते ना, तेवढाच. मग डावी भुवई वर. मग तीन सेकंद काहीच नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे, म्हाताऱ्याला ऐकूच गेलं नाही. तो प्रश्न परत विचारायला तोंड उघडणार, इतक्यात उत्तर. हळू आवाजात, प्रत्येक अक्षर धुऊन, पुसून, वाळवून.

ते तीन सेकंद जमायला मला दोन महिने लागले. आवाज काय, मी कुणाचाही काढतो. करमाळ्याला शाळेत होतो तेव्हा मुख्याध्यापकांच्या आवाजात माइकवरून "उद्या शाळेस सुट्टी राहील" म्हणालो होतो आणि दुसऱ्या दिवशी निम्मी शाळा खरंच आली नव्हती. मला मात्र यावं लागलं होतं. वडिलांना घेऊन.

काका वाघोलीत आमच्या शेडचं स्टोअर सांभाळायचे. आमच्या मालकांचं काम म्हणजे सोसायट्यांच्या आणि कॉलेजांच्या बागा राखायच्या. गवत कापणं, कुंपण छाटणं, पाला उडवणं. गवत कापायची नऊ मशीन, दोन चेनसॉ, एक ब्लोअर. सगळी टू-स्ट्रोक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या मशीनला इंजिन ऑइल वेगळं नसतं. पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजायचं. तेल विसरलात तर आतला पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जाम. बास. मशीनचं श्राद्ध.

मी सुपरवायझर. म्हणजे मोटरसायकलवर फिरायचं आणि कोण कुठल्या झाडाखाली झोपलाय ते बघायचं. कधी कधी त्याच्या शेजारी झोपायचं.

काका रोज कसबा पेठेतून यायचे, दोन बस बदलून. आयुष्यभर कुठल्यातरी कारखान्यात टूलरूममध्ये होते, तिथून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. घरी बसवेना, की घरी बसू देईनात, हे मी एकदा विचारलं होतं. तीन सेकंद. मग, "आपण आमच्या सौभाग्यवतींना ओळखता वाटतं?"

सगळ्यांना 'अहो' आणि 'आपण'. मालकांना पण आपण, झाडूवाल्या मावशींना पण आपण, शेडमधल्या कुत्र्याला पण "अहो, सरका." आमच्याकडचे निम्मे ऑपरेटर आसपासच्या गावचे. त्यांना आयुष्यात कुणी 'आपण' म्हटलेलं नव्हतं. एकजण पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्यो म्हातारा माझ्यावर चिडलाय का? लई मानानं बोलाय लागलाय."

मी त्यांना पहिल्यांदा काका म्हणालो तेव्हा त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला.

"आपले वडील माझे बंधू आहेत का?"

"नाही."

"मग?"

"मग काय म्हणू?"

नाक. भुवई. तीन सेकंद. "म्हणा काका. दुसरं काही आपल्याला सुचेलसं दिसत नाही."

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस आपल्याला पाठ झाला पाहिजे.

शनिवारी सकाळी शेडमध्ये ओपीडी असायची. सगळ्या ऑपरेटरनी आपापल्या मशीनचा प्लग खोलून हातात धरून रांगेत उभं राहायचं. काका स्टुलावर बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "जीभ दाखवा."

प्लग म्हणजे मशीनची जीभ, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे रंग तीनच होते. बिस्किट, काजळ आणि चुना. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर तब्येत उत्तम, जा. काजळ असेल, म्हणजे काळं आणि ओलसर, तर तेल जास्त पडलंय किंवा हवेचा फिल्टर तुंबलाय. आणि चुना, म्हणजे पांढरं फटक, तर मशीन आतून तापतंय. काजळ दिसलं की काका वैतागायचे. चुना दिसला की गप्प व्हायचे. आम्हाला काजळ परवडायचं.

प्रत्येक मशीनची एक वही होती, सुतळीने खिळ्याला टांगलेली. तारीख आणि रंग. "मशीन क्रमांक चार, बिस्किट. मशीन क्रमांक सात, काजळ, ऑपरेटरसुद्धा." हे 'ऑपरेटरसुद्धा' त्यांनी खरंच लिहिलं होतं. सात नंबरवाला महिनाभर तोंड धुऊन यायचा.

नवीन प्लग ते कधी शेडमधून मागवायचे नाहीत. स्वतः पेठेतल्या दुकानात जायचे, हातात घेऊन बघायचे, दुकानदाराशी भांडायचे आणि आणलेले प्लग जुन्या चष्म्याच्या डबीत घालून बसमधून आणायचे. डबीत प्लग, डोळ्यावर चष्मा. उलटं झालेलं एकदा मी बघितलंय, पण ते सांगितलं तर काका मला सोडणार नाहीत.

एका सोसायटीतले एक रिटायर्ड इंजिनिअर होते. स्वतःचा ब्लोअर बाळगून होते, पाला उडवायची हौस. ब्लोअर चालेना म्हणून ते शेडमध्ये घेऊन आले. काकांनी प्लग खोलला, बघितला आणि टेबलावर ठेवला.

"हा कुणी बसवला?"

"मी," साहेब म्हणाले. "जुन्यासारखाच आहे की. आटे पण बसले बरोबर."

"याचा नंबर वेगळा आहे. हा जास्त गरम राहणारा प्लग आहे, आपल्या यंत्राला थंड राहणारा लागतो."

"अहो, दिसायला तर सेम आहे!"

तीन सेकंद. "केस माझेही पांढरे आहेत आणि आपलेही. म्हणून मी संध्याकाळी आपल्या घरी जेवायला गेलो तर वहिनींना चालेल का?"

मला वाटलं साहेब भडकणार. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नंतर ते काही काम नसताना पण यायचे, टोमणा खायला. कारण काय, तर काकांचा टोमणा समोर बसून खायचा पदार्थ होता. ती भुवई, ते नाक, ती तीन सेकंदांची गॅप, सगळं ताटात वाढलेलं असायचं. नुसते शब्द ऐकले असते तर कुणीही मारामारीवर आला असता. किंवा खरं मानून बसला असता. पण हे शहाणपण मला फार नंतर आलं.

पेट्रोलचं तर सोवळंच होतं. मिसळलेल्या पेट्रोलच्या कॅनवर खडूने तारीख. महिना झाला की ते मशीनला बाद. "आजकालच्या पेट्रोलला पाणी सुटतं," म्हणायचे. "आमटी शिळी चालते, हे चालत नाही." एका फार्महाऊसवाल्याने दिवाळीच्या आधीचा कॅन होळीला आणला होता. काकांनी झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"हे पेट्रोल राहिलं नाही. वॉर्निश झालंय. दाराला लावा, छान चमक येईल."

तो माणूस खिशातून फोन काढून "कुठल्या दाराला?" म्हणाला. बहुतेक लिहून घेणार होता. पण मग त्याने वर बघितलं, भुवई दिसली आणि फोन खिशात घातला. बघा, भुवई किती महत्त्वाची.

तेल मोजायला त्यांच्याकडे इंजेक्शनची मोठी सिरिंज होती, सुई काढलेली. एका लिटरला वीस मिली, आणि दोन जुनी मशीन होती त्यांना चाळीस. अंदाजाने ओतलेलं चालायचं नाही. मोटरसायकलचं तेल आणलेलं तर अजिबात नाही. मी कामाला लागलो त्या आठवड्यात, सकाळची घाई, बाहेर टेम्पोवाला हॉर्न देतोय आणि काका एकेक सिरिंज उजेडात धरून बघतायत. मी म्हणालो, "काका, प्रत्येक वेळी तेल घालायलाच पाहिजे का?"

काकांनी सिरिंज खाली ठेवली. नाक. भुवई. एक, दोन, तीन.

"छे छे. आज एकादशी आहे. नुसतं पेट्रोल पाजा. तेल आणि तूप द्वादशीला."

शेडमधले सगळे खिदळले. मी पण. आणि हे वाक्य माझ्या कार्यक्रमाचं हिट वाक्य झालं.

कार्यक्रम म्हणजे दुपारी डबे खाताना. काका त्यांच्या खोलीत वेगळे जेवायचे, दार लोटून. मी इकडे पोत्यावर बसून त्यांचं चालू करायचो. जीभ दाखवा. वॉर्निश झालंय. आपले वडील माझे बंधू आहेत का. शेवटी फर्माईश यायचीच, "ए, एकादशी कर!" पोरं डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, काका आले. काकांना कळलं असणार. एकदा सिरिंज धुता धुता म्हणाले, "मी या शेडमध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, असं ऐकतो. पगार मात्र एकच मिळतो." मी लाजलो, पण थांबलो नाही. मला वाटतं त्यांना ते आवडत होतं. निदान तेव्हा मला असं वाटून घेणं सोयीचं होतं.

गजानन वाशीमकडचा. आमच्याकडे आला त्याला आठ दिवस झाले होते. तोंडात एकच शब्द, "बरं." हे कर, बरं. ते उचल, बरं. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, मशीन खांद्याला लावायच्या आधी मशीनच्या पाया पडायचा. काकांना तो फार आवडायचा, कारण तो सांगितलेलं करायचा. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती.

त्या दिवशी काका रजेवर होते. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. स्टोअरचा मोबाइल शेडमध्येच असायचा. "घरी नेला तर घरचेच फोन करतात" हे त्याचं कारण. तर तो मोबाइल माझ्याकडे. दुपारी आम्ही पाच-सहाजण जेवत होतो आणि फोन वाजला. गजाननचा. त्याला आदल्या संध्याकाळीच नवीन मशीन दिलं होतं आणि सकाळी तो परस्पर एका सोसायटीत गेला होता, त्यामुळे काका रजेवर आहेत हे त्याला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी घेतलेलं, सगळ्यात महागाचं.

पोरं म्हणाली, "स्पीकरवर घे! काका हो, काका हो!"

मी नाकातून श्वास सोडला. "बोला."

"काका, गजानन बोलू राह्यलो. तेलाची बाटली सरली जी. पेट्रोल हाये. काय करू?"

खरं उत्तर एवढंच होतं, थांब, तेल पाठवतो. आठ मिनिटांचा रस्ता. मोटरसायकल दारात उभी. पण समोर पाचजण चपातीचा घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तीन सेकंद घेतले. पूर्ण घेतले. कधी नाही इतके बरोबर पडले ते.

"काही बिघडत नाही. आज एकादशी आहे. नुसतं पेट्रोल पाजा. तेल आणि तूप द्वादशीला."

पोरं पालथी पडली. फोनमधून आवाज आला, "बरं काका." आणि फोन कट.

मला वाटलं, कळलं त्याला. हसून ठेवला असेल. तसंच वाटलं, देवाशप्पथ. एक चपाती खाईपर्यंत वाट बघितली, म्हणजे आता उठून तेल घेऊन जावं असं मनात होतं. मग कुणीतरी मालकांची नक्कल मागितली. मग ती पण झाली.

अर्ध्या तासाने परत फोन. या वेळी गजानन रडवेला. "काका, मशीन बंद पडलं. दोरी ओढली तर येऊच नाही राह्यली."

त्या दिवशी खरंच एकादशी होती. हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. फक्त गजाननला माहीत होतं. त्याचा उपास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन टेबलावर, भोवती आम्ही सगळे आणि मधे मालक. मालक तसे तरुण, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. बरेच दिवस त्यांच्या डोक्यात होतं की ही सगळी पेट्रोलची झंझट बंद करून बॅटरीची मशीन आणायची आणि स्टोअर मोकळं करायचं. ते काकांसमोरसुद्धा बोलून दाखवायचे.

काकांनी प्लग खोलला. नुसता चुना नव्हता. त्यावर चकचकीत बारीक कण चिकटले होते, पिस्टनचा धातू वितळून उडालेला. काकांनी तो प्लग तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हे तीन सेकंदांचं गप्प नव्हतं.

"तेलाशिवाय चाललंय," ते म्हणाले. "कुणी सांगितलं?"

"तुमीच तं सांगतलं काका," गजानन म्हणाला. "फोनवर."

"काका तर काल सुट्टीवर होते!" मालक म्हणाले. "काय फेकतो यार?"

"माउलीची आन, साहेब. म्या काकाचाच आवाज ऐकला."

काका गजाननकडे वळले. "मी काय म्हणालो? जसंच्या तसं सांगा."

गजाननने डोळे मिटले, पाठ म्हणतात तसं. "काही बिघडत नाही. आज एकादशी आहे. नुसतं पेट्रोल पाजा. तेल आणि तूप द्वादशीला." मग डोळे उघडून हळूच म्हणाला, "दसऱ्याले मशीनची पूजा करतेत. तं मले वाटलं, तुमच्याकडे मशीनले एकादशी बी राहत असन."

कुणी हसलं नाही. काकांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग मालकांना म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. वाक्य माझंच आहे."

"म्हणजे फोन तुम्ही घेतला? दवाखान्यातून?"

"वाक्य माझं आहे, असं मी म्हणालो."

"काका, सॉरी, पण हे टू मच आहे. नवीन मशीन आहे. तुम्ही असं ज्याला-त्याला काहीतरी बोलत असता, आम्हाला सवय आहे, पण या पोराला काय कळणार?" मालक घुटमळले, आणि मग घुटमळायचं थांबले. "तुम्ही या महिन्यानंतर नका येऊ. मला पण आता बॅटरीवरच जायचंय."

"ठीक आहे," काका म्हणाले. भुवई नाही, नाक नाही. नुसतं ठीक आहे.

तेव्हा मी बोललो पाहिजे होतं. मी नाही बोललो. माझी नोकरी, माझी खोली, करमाळ्याला वडिलांना सांगितलेलं 'मी सुपरवायझर आहे'. एका मिनिटात सगळं डोळ्यासमोर आलं. मालक ऑफिसात गेले. काका टेबलाशी बसून मशीनचे स्क्रू खोलायला लागले, जणू महिना संपायच्या आत ते नीट करून द्यायचं होतं. गजानन त्यांच्या शेजारी खाली बसला होता आणि त्यांनी मागितलेला एकेक पान्हा देत होता. "माह्याच्यानं तुमचं काम गेलं काका," म्हणत होता. काका त्याला म्हणाले, "चूक आपली नाही. आपण ऐकलंत. इथे ऐकणारा माणूस पहिल्यांदाच आला. आम्हाला सवय नव्हती."

हे ऐकून मी ऑफिसात गेलो.

"साहेब, फोनवर मी होतो. काकांच्या आवाजात."

मालकांनी लॅपटॉपवरून मान पण वर केली नाही. "आत्ता नको यार तुझी नाटकं."

"खरंच मी होतो."

"तू त्यांना वाचवायला बघतोयस. चांगलंय. जा आता."

जन्मभर खोटं बोलून लोकांना खरं वाटायला लावलं, आणि एकदा खरं बोललो तर ते खोटं वाटलं. मी मालकांचा हात धरला. अक्षरशः धरला. आणि त्यांना बाहेर टेबलापाशी घेऊन आलो. काका, गजानन, डबा खाणारे पाचही जण, सगळे होते.

काकांच्या समोर मी त्यांची नक्कल कधीच केली नव्हती.

नाकातून श्वास सोडला. भुवई वर केली. तीन सेकंद थांबलो. ते तीन सेकंद मला आजही संपलेले वाटत नाहीत. मग बोललो. "काही बिघडत नाही. आज एकादशी आहे. नुसतं पेट्रोल पाजा. तेल आणि तूप द्वादशीला."

गजाननचं तोंड उघडंच राहिलं. तो काकांकडे बघायचा आणि माझ्याकडे बघायचा. "हाच," तो म्हणाला. "हाच आवाज होता." आणि मग त्याने माझ्याकडे जसं बघितलं ना, तशी माझी वडिलांकडूनसुद्धा कधी शोभा झाली नव्हती.

मालक काकांना म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"वाक्य माझं आहे ना. ते मी इतक्या वेळा बोललोय की ते आता शेडमध्ये पडलेलं असतं. यांनी फक्त उचललं आणि गजाननरावांना दिलं." मग माझ्याकडे वळून, "'आणि'मधला 'ण' कच्चा आहे. 'आनि' होतंय. बाकी ठीक."

मालकांनी काकांना थांबा म्हटलं. मला सुपरवायझरकीवरून काढलं. नोकरीवरून नाही. त्याचं कारण, मालकांच्या भाषेत, "तुला काढला तर हे मशीन कोण नीट करणार? काकांच्या हाताखाली बस." पुढचे तीन शनिवार मी आणि काका ते इंजिन उघडून बसलो होतो. पिस्टन मांजराने ओरबाडल्यासारखा झाला होता. काकांनी मला तो हातात धरायला लावला आणि बोटाने ओरखडे मोजायला लावले. टोमणा एकही मारला नाही.

आणि तीच शिक्षा होती. काका सरळ बोलायला लागले होते. "काका, किती तेल?" "वीस मिली." "काका, हा प्लग चालेल?" "नाही. दुसरा घ्या." एका वाक्यात उत्तर, गाडी पुढे. रिटायर्ड इंजिनिअर साहेब येऊन दोनदा रिकाम्या हाताने गेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांची तब्येत बरी आहे ना?" डबा खाताना कुणी फर्माईश करेना. मी पण करत नव्हतो. शेड इतकं शांत झालं की कुत्रंसुद्धा बाहेर जाऊन झोपायला लागलं.

शेवटी गजाननच त्यांच्यापुढे जाऊन बसला. म्हणाला, "काका, तुमी आता पयल्यासारखं काऊन बोलत नाही? सगळे वाट पाह्यतेत."

"आपल्याला कळत नाही ना तसं बोललेलं."

"तं शिकवा न मले."

काकांनी त्याला शिकवलं. खरंच. प्लगचे रंग शिकवतात तसं. भुवई दिसली की अर्थ उलटा. भुवई नाही तर अर्थ सुलटा. आणि एक नियम केला, तो खडूने दारावर लिहिला. फोनवर उपरोध नाही. उपरोध हवा असल्यास समक्ष यावे. त्या दिवसापासून फोनवर काका म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या. समोर मात्र हळूहळू सगळं परत आलं. गजानन तर इतका तयार झाला की टोमणा खाल्ला की "बरं" म्हणायच्या ऐवजी "उलटं न?" म्हणायचा.

आता बॅटरीची मशीन आली आहेत. प्लग नाही, तेल नाही, शनिवारची ओपीडी नाही. काका काकूंना घेऊन लेकीकडे नाशिकला गेले. मी परत सुपरवायझर आहे, आणि रविवारी त्यांना फोन करतो. पण फोन म्हणजे फोन. "बरा आहे. काकू बऱ्या आहेत. पाऊस आहे. ठेवतो." नियम म्हणजे नियम. मी कितीदा म्हणालो, काका, एक टोमणा मारा ना, मला कळेल, मी तर तुमचा आवाज काढायचो. म्हणाले, "नाही. आपल्याला कळलं की नाही, हे मला इथून दिसत नाही."

मग मी त्यांच्या नातीला सांगून व्हिडिओ कॉल लावायला लावला. पहिल्या वेळी काकांनी सवयीने फोन कानाला लावला आणि मला दहा मिनिटं त्यांचा कान दिसत होता. नातीने ओरडून ओरडून फोन समोर धरायला लावला.

काका म्हाताऱ्यासारखे दिसत होते. शेडमध्ये कधी दिसले नव्हते.

"दिसतोय का मी?" मी म्हणालो.

"दिसताय. जाड झालात." हे साधं वाक्य होतं.

"काका, आता सगळं बॅटरीवर आहे. संध्याकाळी चार्जिंगला लावायचं, सकाळी घेऊन जायचं. मधेच संपली तर दोन तास परत लावून बसायचं."

काकांनी फोन जवळ घेतला. माझा चेहरा नीट बघून घेतला, डावीकडून, उजवीकडून. मग नाकातून श्वास सोडला.

"वा," ते म्हणाले. "आणि ते दोन तास गवताला थांबायला सांगता का?"

मी हसायच्या आधीच त्यांनी बोट वर केलं. "उपरोध होता. कळलं ना?"

"कळलं काका."

"नक्की?"

"नक्की."

"मग हसा की," काका म्हणाले. "रडताय कशाला?"